स्ट्रेचिंगला सुरुवात करण्यापूर्वीची तयारी

ताण देण्याआधी अंगात ऊब आलेली असावी, ही या तयारीतली पहिली आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची बाब आहे. अंथरुणातून उठल्याबरोबर, किंवा विरारहून चर्चगेटपर्यंत लोकलमध्ये अवघडून बसून आल्यावर, एकदम वाकून पायाचे अंगठे धरायला जाऊ नये. पाच ते दहा मिनिटे झपझप चालावे, जागच्या जागी गुडघे उचलावेत, खांदे गोल फिरवावेत आणि श्वास किंचित वाढला की मगच पुढे जावे. मुंबईच्या दमट हवेत नुसते उभे राहिले तरी घाम फुटतो. मात्र घाम आला म्हणजे स्नायू तयार झाले, असे समजू नये.

जागेची अडचण सांगू नये, कारण चटईपुरती जमीन आणि एक मोकळी भिंत पुरते. पावसाळ्यात लादीला ओल सुटते, तेव्हा ती कोरडी पुसून घ्यावी आणि उभ्याने करायचे प्रकार मोजे घालून करू नयेत. हाताशी एक लांब पंचा आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ असावे.

घड्याळ अशासाठी की एक ताण 10 ते 30 सेकंद स्थिर धरायचा असतो आणि अंदाजाने धरला तर तो हमखास लवकर सुटतो. वय झालेल्यांनी तो 30 ते 60 सेकंदांपर्यंत न्यावा. प्रत्येक बाजूला दोन ते चार वेळा, आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस, एवढे नियमाने केले तर लवचिकता वाढते. हिसके मुळीच देऊ नयेत. स्नायू झटक्याने ताणला गेला की प्रतिक्षिप्त क्रियेने तो उलट आकसतो आणि नेमकी तिथेच दुखापत होऊ शकते. ओढ जाणवेल इतपतच जावे, वेदनेपर्यंत नाही, आणि श्वास रोखू नये.

पोटरीसाठी भिंतीवर दोन्ही तळवे टेकवून एक पाय मागे न्यावा, त्याची बोटे सरळ भिंतीकडे आणि टाच जमिनीला पक्की ठेवावी, मग पुढचा गुडघा सावकाश वाकवावा. टाच उचलली गेली तर पाय थोडा पुढे घ्यावा. नंतर मागचा गुडघाही किंचित वाकवला की ओढ खाली घोट्याकडे उतरते. मांडीच्या मागच्या बाजूसाठी पाठीवर झोपून, तळपायाला पंचा अडकवून पाय वर घ्यावा, कारण उभ्याने वाकण्यात कंबरेवर नको तितका भार येतो.

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी धावणाऱ्यांनी क्रम नीट ठरवून घ्यावा: धावण्यापूर्वी पाय पुढे-मागे झुलवण्यासारख्या हालचाली, स्थिर ताण मात्र धावून झाल्यावर. एकच स्नायू मिनिटाहून अधिक ताणून लगेच धावले तर त्याची ताकद काही काळ कमी होते. केवळ स्ट्रेचिंगच्या भरवशावर धावण्याचे अंतर एकाएकी वाढवणेही धोक्याचे आहे. ते टप्प्याटप्प्यानेच वाढवावे.

नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, हाडे ठिसूळ असणाऱ्यांनी, सांधा बदललेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारावे. ताण देताना तीव्र कळ आली, पायाला मुंग्या आल्या किंवा बधिरपणा जाणवला, तर त्या दिवशी तिथेच थांबावे, आणि तो त्रास पुन्हा झाला तर तपासणी करून घेईपर्यंत तो प्रकार करू नये.