युडियालाइट शोधताना आधी खडक ओळखावा

युडियालाइट हे सोडियम, कॅल्शियम, लोह आणि झिर्कोनियम यांचे गुंतागुंतीच्या रचनेचे सिलिकेट खनिज असून त्याचा रंग साधारणपणे गडद गुलाबीपासून तपकिरी-लाल असा असतो. रंगाच्या मागे लागणाऱ्याच्या हाती बहुधा गार्नेट हे दुसरे लाल खनिजच येते. म्हणून शोधाची सुरुवात खनिजापासून नव्हे, तर खडकापासून करावी.

नेहमीच्या ग्रॅनाइटमध्ये झिर्कोनियम हे झिर्कॉन या त्याच्या साध्या सिलिकेट खनिजाच्या रूपाने बाहेर पडते. परंतु ज्या शिलारसात सोडियम व पोटॅशियम ही ॲल्युमिनियमला पुरून उरतात, त्यात ते विरघळलेलेच राहते आणि सोडियमसह युडियालाइटमध्ये बांधले जाते. असा खडक बहुधा नेफेलीन सायेनाइटच्या (नेफेलीन व फेल्स्पार ही खनिजे असलेला, पण गारगोटी नसलेला अग्निजन्य खडक) जातीचा असतो, म्हणून भूशास्त्रीय नकाशावर प्रथम हेच नाव शोधावे.

खडकासमोर उभे राहिल्यावर त्याचा झिजलेला पृष्ठभाग भिंगाने निरखावा. ग्रॅनाइटमधील गारगोटीचे कण झिजेला दाद देत नाहीत व उठून दिसतात. नेफेलीन मात्र फेल्स्पारच्या आधी झिजते आणि आपल्या जागी उथळ खळगे सोडते. ताज्या फुटीवर त्याची चमक तेलकट असते. सोबत एजिरीनच्या हिरवट-काळ्या सुया किंवा आर्फव्हेडसोनाइटचे काळे स्फटिक दिसले, तर लाल कणांकडे वळण्यास हरकत नाही. भरड दाण्यांच्या पेग्मटाइट शिरा अजिबात सोडू नयेत.

हे सारे एका जागी पाहायचे असेल, तर दक्षिण ग्रीनलंडमधील इलिमाऊसाक येथे पाहावे. काळा, लाल आणि पांढरा अशा थरांची त्रिकुटे तेथे एकावर एक रचलेली असून अशी 29 त्रिकुटे मोजली गेली आहेत. काळ्या थरात आर्फव्हेडसोनाइट, लाल थरात युडियालाइट आणि पांढऱ्या थरात फेल्स्पार अधिक असते; एरवी दुर्मीळ असलेले खनिज येथे अख्ख्या थराला रंग देते, याचे नवल कितीही वाचले तरी कमी होत नाही. 1819 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिक श्ट्रोमायर यांनी या खनिजाचे वर्णन केले, तेही ग्रीनलंडच्याच नमुन्यांवरून. रशियाच्या कोला द्वीपकल्पातील खिबिनी व लोव्होझेरो, कॅनडातील माँ सँतिलेर आणि स्वीडनमधील नोरा शेर हीदेखील प्रसिद्ध स्थाने आहेत.

भारतात पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातील सुशिना टेकडीवरील नेफेलीन सायेनाइट नाइसमध्ये (उष्णता व दाबाने पट्टेदार झालेल्या खडकात) मँगॅनीजयुक्त युडियालाइट आढळले आहे. त्याचे पुढे विघटन होऊन इतर खनिजेही बनली आहेत, म्हणून तेथे केवळ ताज्या लाल कणांवर विसंबू नये. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्या झिओलाइटसाठी जगप्रसिद्ध असल्या, तरी तो खडक या जातीचा नाही. तेथे हा शोध घेऊ नये.

गार्नेटची शंका राहिल्यास कठिनता तपासावी. खनिजांच्या कठिनतेच्या 1 ते 10 अशा मोस मापावर युडियालाइट 5 ते 6 च्या दरम्यान बसते, तर गार्नेट साधारण 6.5 ते 7.5. याहून खात्रीची खूण आम्लाची आहे: चिमूटभर भुकटी हायड्रोक्लोरिक आम्लात टाकल्यास युडियालाइट विरघळून जेलीसारखा सिलिका उरतो, गार्नेटवर मात्र सहसा परिणाम दिसत नाही. ‘सहज विघटन पावणारे’ या अर्थाचे त्याचे ग्रीक नाव यावरूनच पडले. ही चाचणी प्रयोगशाळेतच, हातमोजे व चष्मा घालून करावी. आपल्याकडील संग्राहकांना नमुन्यावरील कॅल्साइट आम्लाने काढण्याची सवय असते. युडियालाइटचा नमुना मात्र कधीही आम्लात बुडवू नये, तो साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने स्वच्छ करावा.