डीएनए अहवाल पोलिसांपासून कसा जपाल
आधी रॉ डेटा, म्हणजे डीएनए चाचणी कंपनीकडून मिळालेली तुमच्या डीएनएची मूळ फाइल, कुठे कुठे अपलोड केलाय ते आठवा. खरी गळती तिथेच असते. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातला सिरियल किलर 'गोल्डन स्टेट किलर' सापडला तो जीईडीमॅच या डीएनए जुळवून नातेवाईक शोधणाऱ्या साइटवरच्या दूरच्या नातेवाइकांमुळे. तिथे तुमच्या किटसाठी (अपलोड केलेल्या डीएनए नोंदीसाठी) 'ऑप्ट-आउट', म्हणजे पोलिसांच्या शोधातून बाहेर राहणं, निवडा, नाहीतर किट सरळ काढून टाका. तेच बरं, कारण 2019 मध्ये फ्लोरिडातल्या न्यायाधीशाने ऑप्ट-आउट केलेल्यांचीही माहिती तपासायचं वॉरंट दिलं होतं. फॅमिलीट्रीडीएनए या अशाच दुसऱ्या साइटच्या सेटिंगमध्ये तपास यंत्रणांसाठीचं मॅचिंग बंद करा.

जिथे चाचणी केली त्या मूळ कंपनीतलं खातं बंद करण्यापूर्वी रॉ डेटा उतरवून घ्या, मग संशोधनाची संमती मागे घ्या आणि लाळेचा नमुना नष्ट करायला लेखी सांगा. संशोधनात आधीच वापरलेला डेटा मात्र परत येत नाही. आणि चुलत भावाने स्वतःचा अपलोड केला असेल, तर त्याच्याशीच बोलावं लागेल.