रेरा नंबर आहे, मग सर्च कशाला?

मेहुणा बदलापूरला नव्या टाउनशिपमधला फ्लॅट बघून आला आणि म्हणाला, "भावोजी, रेरा नंबर आहे, बँकही लोन देतेय. आता तुमचा सर्च कशाला?"

मी कल्याणला वकिलांकडे सर्च काढायचं, म्हणजे जमिनीचे जुने नोंदणीकृत व्यवहार तपासायचं काम करतो, वीसेक वर्षं झाली. त्याला म्हटलं, डोंबिवलीच्या 65 इमारती आठव. महापालिकेची बनावट परवानगी जोडून तिथं रेरा नोंदणी, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेराकडची नोंदणी, मिळवली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या, तेव्हा आत बिऱ्हाडं होती आणि हप्ते चालू होते.

तर महारेराच्या साइटवर नंबर टाकून कागद उतरवून घ्या, त्यातली सीसी, म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, आधी काढा. तिचा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन थेट नगरपालिकेच्या नगररचना विभागात जायचं. हे पत्र तुमच्याकडूनच गेलंय का, एवढंच विचारायचं. कोणी दाद देईना तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. टोकन त्यानंतर.

सीसी हातात आली की मजले मोजा. मेहुण्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर, सीसी तळ अधिक सात मजल्यांची! सेल्स ऑफिसातली मुलगी गोड हसून म्हणाली, "रिव्हाइज्ड येतेच आहे, सर." येईलही. आली की बोलू.

आता जमीन. खरी गोम इथंच असते. सर्व्हे नंबर घेऊन सातबारा काढा. वर 'भोगवटादार वर्ग-1' असेल तर बरं; वर्ग-2, म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन, दिसला की परवानगीचा आदेश मागा. मग 'इतर हक्क' वाचा. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, 'कुळकायदा कलम 43 ला अधीन' (कुळाला मिळालेली जमीन विकण्यावरचं बंधन) असले शेरे तिथं बसलेले असतात. त्यावर 'ते जुनं आहे हो' हे उत्तर चालत नाही. जुनं असेल तर कमी केल्याचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद, दाखवा म्हणायचं.

फेरफार एकेक करून वाचावे लागतात. मेहुण्याच्या प्रकरणात वडील वारले, वारस म्हणून तीन भाऊ आणि दोन बहिणी लागल्या. पुढच्याच फेरफारात बहिणींची नावं गायब. कशावरून? तर 'हक्क सोडल्याचा जबाब दिला' म्हणून. नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठंच नाही, आणि बिल्डरला विकसन करारनामा व कुलमुखत्यारपत्र दिलं ते तिघा भावांनीच. उद्या एखादी बहीण, नाहीतर तिची मुलं, कोर्टात उभी राहिली की दाव्यात टाउनशिपचंही नाव. आमच्याकडे हे इतकं नेहमीचं आहे की फेरफार वाचताना मी आधी बहिणीच मोजतो.

सर्च 30 वर्षांचा घ्या आणि तो तुमच्या वकिलाचा असू द्या. बिल्डरच्या टायटल सर्टिफिकेटमध्ये (जमिनीच्या मालकीबद्दलचा त्याच्या वकिलाचा दाखला) 'इंडेक्सची', म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या दस्तांच्या सूचीची, 'काही पाने फाटलेली आहेत' असं वाक्य असेल तर कोणत्या वर्षांची, ते विचारा. पानं खरंच फाटलेली असतात, मी रोज बघतो. पण अडचणीचीच वर्षं फाटलेली निघाली तर जरा थांबा.

बदलापुरात उल्हास नदीची पूररेषाही बघा. पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल रेषेचा नकाशा मागायला लाजू नका. जुलै 2019 मध्ये वांगणीजवळ अख्खी महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती.

करारनामा नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. 'आत्ता वीस टक्के भरा, ऑफर आहे' म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगा. टाउनशिपमध्ये आणखी एक गोष्ट: प्रत्येक इमारतीचा किंवा फेजचा रेरा नंबर वेगळा असू शकतो. ब्रोशरमधला स्विमिंग पूल तुमच्या नंबरात आहे की पाच वर्षांनी येणाऱ्या शेवटच्या फेजमध्ये, ते कागदावर बघा. अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी रीतसर पुढे करून देणं, कधी आणि कुणाच्या नावे, तेही करारनाम्यात शोधा.

मेहुण्याने अजून टोकन भरलेलं नाही. सेल्स ऑफिसातून रोज फोन येतो. परवा त्याने त्या मुलीलाच विचारलं, "मॅडम, त्या दोन बहिणींच्या सह्या कधी होतायत?" ती म्हणाली, "कोणत्या बहिणी, सर?"