ॲपमधील चालू-बंद स्विचचे रंग कसे बदलावेत

रावेर-यावल पट्ट्यातील केळीबागायतदारांसाठी मोटार आणि ठिबकचे व्हॉल्व्ह चालू-बंद करणारे अँड्रॉइड ॲप आपण तयार करीत आहात, असे समजू. मे महिन्याच्या उन्हात बांधावर उभे राहून फोन पाहणाऱ्याला पांढऱ्या पडद्यावरचा फिकट करडा स्विच दिसतच नाही. म्हणून चालू स्थितीचा हिरवा ठरवण्याआधी बंद स्थितीचा रंग ठरवावा. डब्ल्यूसीएजी २.१ या २०१८ च्या सुगम्यता निकषांनुसार अशा घटकाचा लगतच्या रंगाशी किमान ३:१ विरोध (कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातील फरक) हवा. पांढऱ्यावर #७५७५७५ हा करडा सुमारे ४.६:१ देतो, त्यामुळे तो निश्चिंतपणे वापरता येईल.

स्विचमधील सरकणाऱ्या गोल कळीला थंब, तर ती ज्यावरून सरकते त्या पट्टीला ट्रॅक म्हणतात. प्रकल्पाच्या ‘रेस’ फोल्डरमध्ये ‘कलर’ हे उपफोल्डर करून दोन्हींसाठी स्वतंत्र एक्सएमएल फाइल तयार करावी आणि त्यात सिलेक्टर, म्हणजे कोणत्या स्थितीत कोणता रंग हे सांगणारी यादी, लिहावा. येथे क्रमाला फार महत्त्व आहे, कारण अँड्रॉइड यादी वरून खाली वाचते आणि जुळणारी पहिलीच ओळ उचलते. आधी निष्क्रिय (स्विच दाबताच येत नाही ती) स्थिती, मग चालू स्थिती आणि अगदी शेवटी कोणतीही अट नसलेला बंद स्थितीचा रंग, असा क्रम ठेवावा. बिनअटीची ओळ वर गेली, तर ॲप बिनतक्रार चालते, पण स्विचचा रंग कधीच बदलत नाही.

त्यानंतर लेआउटमध्ये, म्हणजे पडद्याच्या मांडणीच्या फाइलमध्ये, ‘थंबटिंट’ आणि ‘ट्रॅकटिंट’ या गुणधर्मांना त्या फाइली जोडाव्यात. मटेरियलस्विच हा गूगलचा तयार स्विच वापरत असल्यास ट्रॅकची कडा ‘ट्रॅकडेकोरेशनटिंट’ने वेगळी रंगवावी लागते, तिचा विसर हमखास पडतो.

शेतीची लाइट पुष्कळदा रात्री येते, तेव्हा डार्क मोडही हवाच. त्यासाठी सिलेक्टरमध्ये थेट रंगसंकेत न लिहिता रंगांची नावे द्यावीत आणि ‘व्हॅल्यूज-नाइट’ फोल्डरमध्ये त्याच नावांना रात्रीचे रंग द्यावेत. हेच ॲप आयफोनसाठी केल्यास, तेथील पडदे बनवण्याच्या स्विफ्टयूआय या साधनात ‘टिंट’ केवळ चालू स्थितीचा रंग बदलतो.

रंग नीट न ओळखणाऱ्यांसाठी स्विचशेजारी ‘मोटार चालू’ किंवा ‘मोटार बंद’ असे लिहावे. मोटारीकडून प्रत्यक्ष उत्तर येईपर्यंत मात्र स्विच निष्क्रिय रंगातच ठेवावा; नाहीतर डीपीवर (शिवारातील वीज रोहित्रावर) लाइट नसतानाही पडद्यावर हिरवा दिसेल.