पाणी पाण्याला कसं धरून ठेवतं, ते एका रविवारी घरीच पाहा

पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, असं आपण शाळेत घोकलेलं असतं. मग नकळत वाटू लागतं की पाण्याला गुणच नाहीत. खरं तर पाण्याइतकं चमत्कारिक द्रव शोधून सापडणार नाही. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड घ्या. त्याच्या रेणूची घडण पाण्यासारखीच, वजन जवळजवळ दुप्पट, तरीही तो उणे ६० अंश सेल्सिअसलाच उकळून वायू होतो. हलकं पाणी मात्र १०० अंशांपर्यंत तग धरतं.

याचं कारण रेणूच्या आकारात आहे. पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजन ऑक्सिजनच्या दोन बाजूंना सरळ रेषेत नसतात, त्यांच्यात सुमारे १०४.५ अंशांचा कोन असतो. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे त्याची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची किंचित धन होते. यालाच ध्रुवीयता म्हणतात. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजाऱ्याच्या ऑक्सिजनला बिलगतो. हाच हायड्रोजन बंध. रेणूच्या आतल्या बंधाच्या मानाने तो अगदीच दुबळा, साधारण विसावा हिस्सा. सेकंदाच्या अब्जाव्या भागाइतकाही टिकत नाही, पण तुटला की लगेच दुसरा जुळतो. लोकलच्या गर्दीत दांडीवरचा हात सुटला तरी माणूस पडत नाही, तसं.

पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघतं.

आदल्या रात्री: फ्रीजरमध्ये तीन गोष्टी

एक, प्लास्टिकची डबी पाऊण भरून पाणी. पाण्याच्या पातळीवर पेनाने खूण करा. काचेची बाटली नको, फुटेल. दोन, वाटीत थोडं खोबरेल. तीन, एक टोमॅटो.

सकाळी डबीतला बर्फ खुणेच्या वर आलेला दिसेल. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, कारण बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना ठरावीक अंतरावर धरून बसतो आणि मधे पोकळी राहते. आता थिजलेल्या खोबरेलाचा खडा पातळ खोबरेलात टाका. तो बुडतो. बहुतेक पदार्थ असेच वागतात; पाण्यावर तरंगणारा बर्फ हा अपवाद आहे. पाणी सर्वांत जड असतं ४ अंशांना. म्हणून हिवाळ्यात श्रीनगरच्या दल सरोवरावर बर्फाची साय धरते तेव्हा खाली पाणी राहतं आणि त्यात मासेही राहतात. बर्फ जड असता तर तळापासून थर चढत गेले असते.

टोमॅटो बाहेर काढून वितळू द्या. तो लिबलिबीत होऊन पाणी सोडतो. त्याच्या पेशींमधल्या पाण्याचा बर्फ झाला आणि त्याने पेशी आतून फोडल्या. भाजीवाल्याकडून हौसेने आणलेला स्वस्त टोमॅटो फ्रीजरमध्ये का साठवू नये, त्याचं हे उत्तर. रस्सा करायचा असेल तर मात्र चालेल.

सकाळी पहिलं काम: तेरडा लावून ठेवा

या प्रयोगाला दोन-तीन तास लागतात, म्हणून तो आधी. श्रावण-भाद्रपदात तेरडा कुठेही मिळतो, गौरींच्या आसपास तर बाजारातही. त्याचा दांडा अर्धपारदर्शक असतो, हे आपल्या सोयीचं. इतर ऋतूंत पांढरी शेवंती घ्या.

सारख्या उंचीचे तीन दांडे घ्या. खालचं टोक पाण्यात बुडवून ठेवूनच तिरपं कापा. हवेत कापलं तर आतल्या नळ्यांत हवा शिरते आणि प्रयोग फसतो. ग्लासात चार बोटं पाणी, त्यात लाल शाई किंवा खायचा लाल रंग, चांगला गडद. पहिला दांडा पानांसकट तसाच ठेवा. दुसऱ्याची सगळी पानं काढा. तिसऱ्याच्या पानांवर प्लास्टिकची पिशवी चढवून तोंड बांधा. तिन्ही खिडकीत, उजेडात आणि वाऱ्यावर ठेवून द्या.

तोवर: नाण्यावर थेंब

रुपयाचं कोरडं नाणं सपाट ठेवा. किती थेंब मावतील याचा घरातल्या प्रत्येकाने आधी अंदाज सांगायचा, मग ड्रॉपरने थेंब सोडायचे. बहुतेक जण दहाच्या आत सांगतात. तीसच्या आसपास सहज मावतात. पाण्याचा घुमट फुगत जातो पण सांडत नाही. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरून धरायला कोणी नसतं, म्हणून ते शेजाऱ्यांना आणि खालच्यांना ओढून धरतात. हाच पृष्ठताण. नेहमीच्या द्रवांत पाऱ्याचा सोडला तर पाण्याइतका कोणाचाच नाही.

आता काडीला भांडी घासायच्या साबणाचा एक ठिपका लावून घुमटाला टेकवा. क्षणात पाणी ओघळतं, कारण साबण पृष्ठताण कमी करतो.

हा ठिपका आपल्या फुप्फुसांतही आहे. तिथल्या सूक्ष्म वायुकोशांना आतून पाण्याचा पातळ थर असतो आणि त्याचा पृष्ठताण श्वास सोडताना कोश मिटवून टाकू पाहतो. म्हणून शरीर साबणासारखंच काम करणारा एक स्निग्ध पदार्थ तिथे पसरवतं. दिवस भरण्याच्या खूप आधी जन्मलेल्या बाळात तो पुरेसा तयार झालेला नसतो, त्याला श्वास घेता येत नाही. मग डॉक्टर तो बाहेरून देतात. बऱ्याच जातींच्या डासांची अळी श्वासनळी पृष्ठभागाला लावून उलटी लटकते. डबक्यात तेल टाकलं की तिचा श्वास कोंडतो, त्यामागेही पृष्ठभागाचाच खेळ आहे.

केसांवर घासलेल्या फणीने नळाची धार वाकवायचा प्रयोग मी मुद्दाम घेतलेला नाही. पुस्तकं त्याला ध्रुवीयतेचा पुरावा म्हणतात, पण धार वाकते ती मुख्यतः तिच्यात उपजणाऱ्या विद्युतभारामुळे. शिवाय पावसाळी दमट हवेत फणीवर भार टिकतही नाही.

हळद, एकदा पाण्यात, एकदा तेलात

एका वाटीत पाणी, एकीत कोमट तेल. दोन्हींत चिमूटभर हळद घालून ढवळा आणि दहा मिनिटं थांबा. पाण्यात हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट राहतं. तेल मात्र पिवळंधमक होतं. ध्रुवीय पाणी मीठ-साखर सामावून घेतं, हळदीला पिवळा रंग देणाऱ्या कर्क्युमिनसारख्या रेणूला ते हात देत नाही. फोडणीत हळद का घालतात, हे कळलंच असेल.

प्रत्येक पेशीचं पटल याच नियमाने बनतं. त्यातल्या रेणूंचं डोकं पाण्याला धार्जिणं, शेपट्या पाण्याला नकोशा. पाण्यात सोडले की शेपट्या आपसूक आत वळून दुहेरी थर तयार होतो. मजूर नको, गवंडी नको.

आता तेरड्याकडे

दांडा उजेडात धरा. पहिल्यात लाल रेषा वर चढलेल्या दिसतील, तिसऱ्यात कमी, बिनपानांच्या दांड्यात बहुधा सर्वांत कमी. म्हणजे पाणी मुळांकडून ढकललं जाण्यापेक्षा पानांकडून ओढलं जातंय. पानातून वाफ होऊन एक रेणू निघतो, तो मागच्याला ओढतो, आणि ही साखळी थेट मुळांपर्यंत ताणलेली असते. डब्लिनच्या डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये ही कल्पना मांडली.

विहिरीच्या काठावर मोटर बसवणाऱ्या शेतकऱ्याला यातली गोम कळेल. पाणी सात-आठ मीटरच्या खाली गेलं की काठावरची मोटर ते ओढत नाही, कारण हवेचा दाब जास्तीत जास्त १० मीटरच पाणी चढवू शकतो. म्हणून मोटर विहिरीत खाली उतरवावी लागते. कोकणातला माड मात्र २० मीटरवर शहाळं भरतो, तेही मोटरशिवाय.

मोठ्या माणसाने धारदार ब्लेडने पहिल्या दांड्याची आडवी चकती कापावी आणि भिंगातून पाहावी. सगळी चकती लाल नसते. कडेने गोलाकार लाल ठिपके असतात, त्या जलवाहिन्या.