घायपाताभोवतीचं आळं वळवाआधी मोडा

मान्सून केरळात साधारण १ जूनला येतो, मुंबईत ११ जूनच्या सुमारास. वळीव त्याआधीच गाठतो. बागेत घायपात (अगेव्ह), कोरफड, अडेनियम, काटेमुकुट असतील तर बाकी कामं राहू द्या, प्रत्येक झाडाभोवतीचं आळं, म्हणजे पाणी धरायला केलेला खोलगट भाग, आधी मोडा.

आंबा-चिकूच्या सवयीने घायपातालाही आळं केलं जातं, त्यात पावसाचं पाणी साचून मुळं कुजतात आणि दर जुलैत तीच तक्रार येते: "काल झाड चांगलं होतं, आज कोसळलं." काल ते चांगलं नव्हतंच. मेक्सिकोकडच्या कोरड्या मुलखातलं हे झाड पाणी पानात साठवतं, म्हणून मुळं कुजली तरी पानं बरेच दिवस हिरवी दिसतात. मधला पोंगा (न उलगडलेल्या पानांचा सुळका) हलकेच ओढून बघा. बुडाशी तपकिरी लगदा आणि कुबट वास घेऊन हातात आला, तर झाड गेलं. बुडाशी फुटलेली पिल्लं तेवढी वाचवा. बांधावरच्या घायपाताला कुणी पाणी घालत नाही, उतारावर ते दणकट वाढतं.

काळ्या जमिनीत नुसतं आळं मोडून भागत नाही. मुरूम, जाड वाळू, विटांचे तुकडे आणि थोडा पोयटा (गाळाची माती) घालून वीतभर उंच वरंबा करा, बुंधा माथ्यावर ठेवा. रोपवाटिकेच्या रोपाला मुळांशी कोकोपीटचा गड्डा असतो, तो बोटांनी पूर्ण सोडवा. एकदा भिजला की लवकर सुकत नाही. रोप जरा तिरकं लावलं तर पोंग्यात पाणी थांबत नाही आणि सड कमी होते, असा माझा अनुभव आहे. शिफारशीत हे सापडणार नाही.

कूज नुकती लागली असेल तर पांढरा भाग लागेपर्यंत कापा. १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड (५० टक्के) हे बुरशीनाशक मिसळून कापलेल्या जागी लावा, आठ-दहा दिवस सावलीत सुकवा, मग कोरड्या वाळूत लावा. दुकानदार 'रूट बूस्टर' नाहीतर रंगीत पिशवीतलं 'सक्युलंट मिक्स' पुढे करेल. घेऊ नका. कुजलेल्या मुळाला बूस्टर काय करणार? त्या पैशात मुरूम आणा.

बाकीची कामं:
- पावसाळाभर खत बंद
- कुंडीखालच्या ताटल्या काढणे
- पिठ्या ढेकूण: स्पिरिटचा बोळा
- पिल्लं वेगळी करणे: ऑक्टोबरनंतर
- छाटताना हातमोजे, रसाने खाज सुटते

पहिल्या मोठ्या सरीत बाहेर येऊन बुंधे बघा. पाऊस थांबून अर्धा तास झाला तरी पाणी साचलेलं असेल, तर त्याच दिवशी चर काढा, दुसऱ्या सरीची वाट बघू नका.