परका घोडा पागेत येतो तेव्हा

दुसऱ्याचा घोडा सांभाळायला घेताना आबा एकच प्रश्न विचारायचे, "खातो किती?" पागा माझ्या हातात आल्यावर तो प्रश्न मी ठेवला, पण त्याच्या शेपटीला आणखी बरेच लावले. काय खातो, दिवसातून किती वेळा, नाल कधी बसवली, धनुर्वाताची लस कधी झाली, पोट पूर्वी कधी दुखलंय का, लाथ मारतो का. शेवटच्या प्रश्नाला सगळे मालक "छे छे, गरीब आहे हो" म्हणतात. पहिल्या दिवशी मी तरीही मागून जात नाही.

घोड्याबरोबर त्याचं जुनं खाणं मागवून घ्या, निदान आठ-दहा दिवसांचं. ही अक्कल मला एका घोडीने शिकवली. ती आली तेव्हा जरा उतरलेली दिसली. आमची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, चांगली, म्हणून पहिल्याच संध्याकाळी मी तोबरा भरून दिला. तिसऱ्या रात्री ती पुढच्या पायाने जमीन उकरत होती, मान वळवून कुशीकडे बघत होती, बसत होती, उठत होती. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं वरच्या वाटेने बाहेर पडत नाही. शिवाय गवत पचवतात ते मोठ्या आतड्यातले जिवाणू, आणि त्यांना नवं खाणं अंगवळणी पडायला दिवस लागतात. घोडी वाचली. मालकाला फोन करताना माझी जीभ मात्र जड झाली होती.

म्हणून आता पहिले तीन दिवस पाऊण हिस्सा जुनं, पाव हिस्सा नवं. मग अर्धं-अर्धं. पुढे पाव-पाऊण. दहा-बारा दिवसांत बदल पुरा होतो. चंदीइतकंच हे गवतालाही लागू आहे, आणि लोक नेमकं तेच विसरतात.

गवत तोलून घाला. यावरून आमच्या घरात महिनाभर धुसफूस चालली होती. आबांचं माप म्हणजे एक कवळ. पण दादाची कव मोठी, माझी लहान. दादा असेल त्या दिवशी घोडे सुखात, मी असेन त्या दिवशी भिंती चावतात. शेवटी लटकता काटा आणला. पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला वाळलेलं गवत साधारण आठ ते दहा किलो लागतं, तेही तीन-चार वेळा विभागून. त्याच्या जठरात आम्ल सतत झिरपत असतं, ते तासन्‌तास रिकामं राहिलं की व्रण होतात. काट्यावर पहिल्यांदा तोललं तेव्हा माझी कव सव्वा किलो भरली आणि दादाची दोन. आबा काही बोलले नाहीत, काटा उलटसुलट करून बघत राहिले.

नवा घोडा दोन ते तीन आठवडे इतरांपासून लांबच्या ठाणावर ठेवा. बादली, खरारा, म्होरकी, सगळं त्याचं वेगळं. चारा-पाणी त्याचं सगळ्यांत शेवटी, नंतर हात धुवायचे. गळ्याच्या गाठी सुजवणारा संसर्ग घोडा वरून धडधाकट दिसत असतानाही घेऊन येऊ शकतो. ताप सकाळ-संध्याकाळ मोजून फळ्यावर लिहा. मोठ्या घोड्याचं तापमान साडेसदतीस ते साडेअडतीस अंश सेल्सिअस, शांत उभा असताना नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. पण पुस्तकातल्या आकड्यांपेक्षा त्या घोड्याचे स्वतःचे आकडे कामाला येतात, आणि ते तब्येत चांगली असतानाच मोजून ठेवावे लागतात.

पोटदुखीची शंका आली तर चारा समोरून काढा, नाडी मोजा, शेवटची लीद कधी टाकली ते बघा आणि डॉक्टरांना फोन करा. वेदनेचं औषध त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. दुखणं दबतं, आत काय चाललंय ते मात्र कळेनासं होतं.

कळपात सोडायची वेळ आली की आधी काही दिवस कुंपणाच्या अलीकडे-पलीकडे ठेवा. हुंगतील, किंचाळतील, टापा आपटतील. ते चालायचंच. मग सगळ्यांत शांत घोड्याबरोबर एकट्याला सोडा. चाऱ्याचे ढीग घोड्यांपेक्षा एक-दोन जास्तच आणि लांब लांब टाका. कोपऱ्यात तर अजिबात टाकू नका, तिथे अडकलेल्याला पळायला वाट नसते.

एक गोष्ट कागदावर सहीनिशी घ्या. मालक फोन उचलत नाही आणि डॉक्टर म्हणतात शस्त्रक्रिया लागेल, तर निर्णय कुणाचा, खर्च कुठवर? विचारायला अवघड वाटतं. मी घोडा उतरवून घेण्याआधी विचारते, कारण एकदा तो आत आला की मालकाचं लक्ष फक्त त्याच्याकडे असतं.

आता काटा आबाच वापरतात. गवत तोलतात, आकडा मोठ्याने वाचतात आणि वर एक मूठ टाकतात. ती मूठ फळ्यावर लिहायची नसते.